रस्त्याच्या पोटातले पाणी : भूवेधी रडार आणि अनुमानाचा प्रश्न

भूवेधी रडार हे न खोदता जमिनीच्या पोटात काय आहे ते ताडण्याचे साधन आहे. गाडीला बसवलेला अँटेना रस्त्यावर अत्यंत आखूड रेडिओ स्पंद सोडतो. ते स्पंद थरांच्या सांध्यांवरून परततात आणि परतण्याचा वेळ व जोर नोंदला जातो. या नोंदीवरून डांबरी थर किती जाड आहे, खालच्या खडीत पाणी मुरले आहे का, थर एकमेकांपासून सुटले आहेत का, कुठे पोकळी झाली आहे का, हे ठरवले जाते. मात्र जाडी, पाणी, पोकळी यांपैकी काहीच त्या नोंदीत नसते. तिथे असतो तो वेळ आणि जोर. पाणी असते ते नोंद वाचणाऱ्याच्या निष्कर्षात.

नोंदीपासून निष्कर्षापर्यंतचे अंतर कशाच्या बळावर ओलांडले जाते आणि ओलांडल्यावर हाती येते त्याला ज्ञान म्हणायचे की नुसता तर्क, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. भारतीय दर्शनांनी तो ‘प्रमाणविचार’ या नावाने शतकानुशतके लढवला. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे असे म्हणता येते का, हे त्यांचे ठरलेले उदाहरण. रस्त्याच्या पोटातून जोराचा प्रतिसाद आला म्हणून तिथे पाणी आहे असे म्हणता येते का, हे त्याच प्रश्नाचे आजचे रूप आहे.

यंत्र काय मोजते

डांबरी रस्ता म्हणजे एकावर एक अंथरलेले थर. सगळ्यात खाली माती किंवा मुरमाचा भराव, त्यावर खडीचा उपपाया आणि पाया, त्यावर डांबरात घोळलेल्या खडीचे एक किंवा अधिक थर. रेडिओ तरंग हवेत एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. पदार्थात शिरला की त्याचा वेग घटतो आणि किती घटेल ते त्या पदार्थाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर अवलंबून असते. हवेचा हा स्थिरांक १, डांबरी थराचा साधारण ४ ते ७, पाण्याचा ८१ च्या आसपास. ३० सेंटिमीटरला स्थिरांकाच्या वर्गमुळाने भागले की त्या पदार्थातला वेग मिळतो. जिथे स्थिरांक बदलतो तिथून तरंगाचा काही भाग मागे फिरतो. बदल जितका मोठा, तितका प्रतिसाद जोराचा.

आकड्यांत पाहिले तर अडचण लगेच कळते. डांबरी थराच्या तळावरून प्रतिसाद २ नॅनोसेकंदांत परत आला असे धरू. स्थिरांक ४ असेल तर वेग नॅनोसेकंदाला १५ सेंटिमीटर आणि, वेळ जाण्यायेण्याचा मिळून असल्याने, थराची जाडी १५ सेंटिमीटर. स्थिरांक ६.२५ असेल तर वेग १२ आणि जाडी १२ सेंटिमीटर. यंत्राने मोजलेला वेळ दोन्हीकडे तोच, पण निष्कर्षात ३ सेंटिमीटरचा फरक. थराची वाकण्याला विरोध करण्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे या ३ सेंटिमीटरनी ताकदीचा हिशेब जवळजवळ दुप्पट किंवा निम्मा होतो. वेळ खरा असूनही जाडी चुकू शकते, कारण वेळेतून जाडी काढताना स्थिरांक गृहीत धरावा लागतो.

हे गृहीतक यंत्राच्याच मदतीने तपासण्याची एक रीत आहे. रस्त्यावर मोठा धातूचा पत्रा ठेवून त्यावरून येणारा पूर्ण प्रतिसाद मोजतात आणि रस्त्याच्या पृष्ठावरून येणाऱ्या प्रतिसादाची त्याच्याशी तुलना करतात. पृष्ठाचा प्रतिसाद पत्र्याच्या एक-तृतीयांश असेल तर स्थिरांक ४ निघतो, निम्मा असेल तर ९. तरीही हा स्थिरांक पृष्ठाचा झाला. थर वरपासून खालपर्यंत एकसारखा आहे, हे गृहीत धरल्याशिवाय तो संपूर्ण थराला लागू करता येत नाही.

या विद्येचा इतिहास शंभराहून अधिक वर्षांचा आहे. १९१० मध्ये लाइमबाख आणि लोवी यांनी जमिनीखालच्या वस्तू रेडिओ तरंगांनी शोधण्याचे जर्मन पेटंट घेतले. १९२९ मध्ये ऑस्ट्रियातल्या हिमनदीची खोली या पद्धतीने मोजली गेली. १९७२ मध्ये अपोलो १७ मोहिमेने चंद्राच्या पृष्ठाखालचा वेध घेतला. रस्त्यांसाठी तिचा पद्धतशीर वापर १९८० च्या दशकापासून वाढला. आज हवेत टांगलेले, १ ते २ गिगाहर्ट्झचे अँटेना घेऊन गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जाते आणि दर काही सेंटिमीटरला एक नोंद होते. वरचे थर बारकाईने पाहायचे तर वारंवारता जास्त लागते, खोल पाहायचे तर कमी. बारकावा आणि खोली दोन्ही एकदम मिळत नाहीत.

प्रत्यक्ष की अनुमान

न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे मानते. इंद्रिय आणि वस्तू यांच्या संबंधातून होणारे ज्ञान प्रत्यक्ष. एका गोष्टीच्या ज्ञानावरून, तिच्याशी नित्य जोडलेल्या दुसऱ्या गोष्टीचे होणारे ज्ञान अनुमान. रडारचे ज्ञान यांपैकी कशात बसते?

पहिल्या नजरेत ते प्रत्यक्षासारखे वाटते. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मते डोळ्यातून तेजाचा किरण निघतो, वस्तूला भिडतो आणि मगच ती दिसते. डोळ्याबाबत ही कल्पना टिकली नाही, पण रडारबाबत ती अक्षरशः खरी आहे. किरण जातो, भिडतो, परततो. न्यायसूत्रांत या कल्पनेवर एक आक्षेप येतो: काच, अभ्रक किंवा स्फटिक यांच्या पलीकडची वस्तू दिसते, मग किरण भिडला कसा? उत्तर असे की हे पदार्थ किरणाला अडवत नाहीत. भिंत अडवते, म्हणून भिंतीपलीकडचे दिसत नाही. डांबराचा थर डोळ्याला भिंत आहे आणि रेडिओ तरंगाला काच आहे. काय पारदर्शक आणि काय अपारदर्शक हे किरणावर ठरते, इतकी भर आजच्या विज्ञानाने त्या उत्तरात घातली.

तरीही रडारचे ज्ञान प्रत्यक्ष ठरत नाही. संबंध जोडला गेला तो अँटेनाचा आणि थराचा. माणसाच्या डोळ्याचा संबंध आहे पडद्यावरच्या चित्राशी. त्या चित्रात आडव्या, काळ्या-पांढऱ्या रेघा असतात. आडवी अक्षरेषा रस्त्याचे अंतर दाखवते, उभी अक्षरेषा वेळ दाखवते, खोली नव्हे. रस्त्याखालून आडवा जाणारा नळ या चित्रात गोल दिसत नाही, तो उलट्या वाटीसारखा कमानदार वक्र दिसतो, कारण गाडी नळापासून दूर असतानाही तिरपे गेलेले तरंग त्याच्यावर आपटून परततात आणि त्यांना जास्त वेळ लागतो. वक्राचा माथा तेवढा नळाच्या जागी असतो. ज्याला हे माहीत नाही त्याला पडद्यावर कमान दिसते. ज्याला माहीत आहे त्याला नळ ‘दिसतो’.

हे दुसरे ‘दिसणे’ काय आहे, यावर दर्शनांत मोठा वाद झाला आहे. दूरवरचे चंदन पाहताच ते सुगंधी आहे असे कळते, मात्र गंध नाकापर्यंत आलेला नसतो. नव्य नैयायिक याला अलौकिक प्रत्यक्ष मानतात: पूर्वीच्या ज्ञानाच्या दुव्याने सुगंधही डोळ्याच्याच ज्ञानात येतो. अद्वैत वेदान्ती हे नाकारतात. त्यांच्या मते चंदन प्रत्यक्ष आणि सुगंधाचे अनुमान. रडार वाचणाऱ्या अनुभवी माणसाला वाटते ते नव्य नैयायिकांच्या बाजूचे, कारण त्याला नळ ओळखताना पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. पण पायऱ्या जाणवल्या नाहीत म्हणजे त्या नव्हत्या असे होत नाही. निष्कर्ष चुकल्यावर कोणती पायरी चुकली हे शोधावेच लागते. ज्या ज्ञानाची चूक हेतूमध्ये, म्हणजे ज्या खुणेवरून निष्कर्ष काढला तिच्यात, किंवा नियमात शोधता येते ते अनुमान होय. या वादात वेदान्त्यांचे म्हणणे रस्त्याला अधिक लागू पडते, आणि त्याचे व्यावहारिक मोल मोठे आहे: ‘मला दिसले’ म्हणणाऱ्याला कारण विचारता येत नाही, ‘मी अनुमान केले’ म्हणणाऱ्याला विचारता येते.

पूर आलेली नदी

न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन अनुमानाचे प्रकार सांगताना कारणावरून कार्याचे आणि कार्यावरून कारणाचे अशी विभागणी देतात. ढग पाहून पाऊस येणार हे पहिल्याचे उदाहरण. नदीला पूर आलेला पाहून वर पाऊस झाला आहे हे दुसऱ्याचे. दुसऱ्याला ‘शेषवत्’ म्हणतात. रडारचे अनुमान याच जातीचे: प्रतिसाद हे कार्य, पाणी किंवा पोकळी हे त्याचे कारण.

कार्यावरून कारणाकडे जाणे अवघड, कारण एकाच कार्याला अनेक कारणे असू शकतात. सूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वपक्ष नेमके हेच म्हणतो. पुढे बांधाने पाणी अडल्यानेही नदी फुगते, मग पूर पाहून पावसाचे अनुमान कसे करायचे? सिद्धान्ती, म्हणजे उत्तर देणारा, अनुमान सोडून देत नाही, तो हेतू बारकाईने पाहायला सांगतो. पावसाच्या पुराचे पाणी वेगाने येते, त्यात फेस असतो, पाने-फांद्या वाहत येतात. बांधाने तुंबलेले पाणी तसे नसते. नुसता ‘पूर’ हा हेतू ढिला आहे, ‘असा पूर’ हा हेतू घट्ट आहे.

रडारच्या नोंदीत हाच विचार पावलोपावली लागतो. डांबराचा स्थिरांक ४ आणि खालच्या खडीचा ९ धरला तर सांध्यावरून तरंगाच्या आयामाचा, म्हणजे उंचीचा, पाचवा हिस्सा परततो. तो जोर अचानक वाढला, तर काय समजायचे? सांध्यात पाणी साचले असेल, तर आयामाचा सुमारे ६४ टक्के भाग परतू शकतो. तिथे हवेची पोकळी असेल तर सुमारे ३३ टक्के. पण जोर अँटेनाच्या उंचीने, पृष्ठाच्या खडबडीतपणाने आणि फटीच्या जाडीनेही बदलतो, म्हणून नुसता जोर हा ‘नुसता पूर’ आहे. त्याला दुसरी खूण जोडावी लागते ती ध्रुवतेची. तरंग कमी स्थिरांकाच्या पदार्थातून जास्त स्थिरांकाच्या पदार्थावर आदळला तर उलटा होऊन परततो. जास्तीतून कमीवर आदळला तर सुलटाच परततो. त्यामुळे डांबराखाली पाणी असेल तर प्रतिसाद रस्त्याच्या पृष्ठाच्या प्रतिसादासारख्याच ध्रुवतेचा येतो, आणि हवा असेल तर त्याच्या विरुद्ध. पानाफांद्यांचे काम इथे ध्रुवता करते.

तीही पुरेशी नसते. लोखंडावरूनही तरंग उलटा होऊनच परततो, म्हणजे ध्रुवतेपुरते पाणी आणि लोखंड सारखेच. मग तिसरी खूण पाहायची: लोखंडी नळाचा प्रतिसाद कमानदार असतो, पाण्याने भिजलेला थर आडवा पसरलेला असतो. एकेक खूण एकेक पर्यायी कारण बाजूला करते. शेवटी एकच कारण उरले, तरच निर्णय.

हेतू कुठे फसतो

जो हेतूसारखा दिसतो पण हेतू नसतो त्याला नैयायिक ‘हेत्वाभास’ म्हणतात. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’पासून पुढे ही यादी विद्यार्थ्यांना पाठ असते, आणि रस्त्याच्या सर्वेक्षणात तिच्यातल्या बहुतेक चुका प्रत्यक्ष घडतात.

पहिली चूक ‘असिद्ध’ हेतूची. धुके धूर समजून अग्नीचे अनुमान केले, तर नियम बरोबर असूनही अनुमान कोसळते, कारण मुळात धूरच नव्हता. हवेत टांगलेल्या अँटेनाला वरच्या विजेच्या तारा, उड्डाणपूल, शेजारून जाणारा ट्रक यांचेही प्रतिसाद येतात. मोबाइल मनोऱ्यांच्या लहरी नोंदीत मिसळतात. एकाच थरात तरंग दोनदा आपटून परतला तर खाली आणखी एक थर असल्याचा भास होतो. रस्त्याच्या पोटातून न आलेला प्रतिसाद पोटातला समजणे म्हणजे धुक्याला धूर म्हणणे.

दुसरी ‘सव्यभिचार’ हेतूची: हेतू खरा, पण तो साध्याखेरीज, म्हणजे जे सिद्ध करायचे त्याखेरीज, इतरत्रही आढळतो. जोराचा प्रतिसाद पाण्यानेही येतो आणि दुरुस्तीच्या वेळी वेगळी खडी वापरल्यानेही येतो. तिसरी ‘सत्प्रतिपक्ष’: एका हेतूच्या विरोधात तितक्याच बळाचा दुसरा हेतू उभा राहतो. वजन आदळून रस्ता किती दबतो ते मोजणारे फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर नावाचे यंत्र आहे. भारतात त्याच्या वापराचे मार्गदर्शन इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ११५-२०१४ या दस्तऐवजात आहे. त्याने रस्ता भक्कम सांगितला आणि रडारने त्याच ठिकाणी थर भिजलेला दाखवला, तर दोन्ही हेतू एकमेकांना अडवतात आणि तिसऱ्या पुराव्याशिवाय निर्णय देता येत नाही. चौथी ‘बाधित’: दुसऱ्या बळकट प्रमाणाने साध्य खोटे ठरलेले असते. रडारने पोकळी सांगितली आणि खणल्यावर भरीव खडी निघाली, की युक्तिवाद कितीही डौलदार असो, तो संपला.

या सर्वांहून सूक्ष्म चूक ‘उपाधी’ची. जिथे धूर तिथे अग्नी, हा नियम खरा. जिथे अग्नी तिथे धूर, हा खोटा. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओले सरपण लागते. ही लपलेली अट म्हणजे उपाधी. रस्त्यात तीच अट जवळजवळ त्याच रूपात भेटते. ‘जिथे डांबरी थर एकमेकांपासून सुटले तिथे जोराचा प्रतिसाद येतो’ असा नियम कोणी धरला, तर तो सोपाधिक आहे. डांबरात १ गिगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी दहा-पंधरा सेंटिमीटर असते. एखाद्या मिलिमीटरची कोरडी फट त्या तरंगाला जवळजवळ जाणवत नाही. त्याच फटीत पाणी शिरले, खडीवरचे डांबर सुटू लागले, की प्रतिसाद उठतो. सुटलेपणाचा धूर ओलाव्याशिवाय निघत नाही. म्हणून उन्हाळ्यात निर्दोष दिसलेला रस्ता पावसाळ्यानंतर दोषी दिसू शकतो आणि दोन्ही नोंदी खऱ्या असतात.

न दिसणे म्हणजे नसणे काय

उपाधीचा हा विचार थेट अभावाच्या प्रश्नाकडे नेतो. सर्वेक्षणाच्या अहवालात ‘दोष आढळला नाही’ हे वाक्य बहुतेक किलोमीटरांसमोर येते. आढळला नाही, म्हणजे नाही, असे म्हणता येते का?

सातव्या शतकातले मीमांसक कुमारिल भट्ट यांनी अभावाचे ज्ञान देणारे ‘अनुपलब्धि’ हे वेगळे प्रमाण मानले, आणि अद्वैत वेदान्त्यांनी ते स्वीकारले. नैयायिकांनी ते वेगळे मानले नाही, पण जमिनीवर घट नाही हे घट न दिसल्यावरून कळते एवढे त्यांनाही मान्य आहे. सर्वांनी मिळून एक अट मात्र काटेकोरपणे घातली: घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत, मध्ये आडोसा नको. अंधारात घट दिसला नाही म्हणून घट नाही, असे म्हणता येत नाही. या अटीसह असलेल्या न दिसण्याला ‘योग्यानुपलब्धि’ म्हणतात. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती वेगळ्या परिभाषेत हीच अट सांगतात: दृश्य असण्याजोग्या वस्तूचेच न दिसणे तिचा अभाव सिद्ध करते.

रडारच्या बाबतीत ही अट कधी पुरी होते आणि कधी नाही, याचा स्पष्ट हिशेब मांडता येतो. कोरड्या वाळूत तरंग खोल जातो. वीज वाहून नेणाऱ्या ओल्या चिकणमातीत तो लवकर विरतो. महाराष्ट्राच्या पठारावरची काळी माती ही अशीच चिकणमाती आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तडकते, आणि तिच्यावरचे रस्ते तिच्याबरोबर उचलले जातात व खचतात. म्हणजे ज्या जमिनीत रस्त्याखाली पाहण्याची निकड सर्वांत जास्त, तिथेच रडारची नजर सर्वांत आखूड. अशा ठिकाणी दीड मीटर खाली काही आढळले नाही, हे वाक्य अंधारातल्या घटाविषयीचे वाक्य आहे. ते खोटे नाही, पण त्यावरून खाली सगळे ठीक आहे असे सिद्ध होत नाही. तसेच थर तरंगलांबीच्या मानाने फार पातळ असेल तर त्याचे वरचे आणि खालचे प्रतिसाद एकमेकांत मिसळतात. तिथेही न दिसणे अयोग्य आहे.

म्हणून प्रामाणिक अहवालात तीन रकाने हवेत: दोष आहे, दोष नाही, आणि इथे पाहता आले नाही. तिसरा रकाना गाळला की त्यातले सगळे दुसऱ्यात जाऊन बसते आणि अज्ञानाला अभावाचे नाव मिळते.

नियम येतो कुठून

अनुमानाचा सगळा भार व्याप्तीवर असतो, म्हणजे ‘जिथे हेतू तिथे साध्य’ या नियमावर. अनुमान न मानणाऱ्या चार्वाकांचा घाव तिथेच आहे. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’ने त्यांचा युक्तिवाद जपून ठेवला आहे. पाहिलेल्या ठिकाणी धूर आणि अग्नी एकत्र होते हे ठीक, पण न पाहिलेल्या, होऊन गेलेल्या आणि होणाऱ्या सर्व ठिकाणी ते एकत्रच असतील हे कोणी पाहिले? अनुमानाने सिद्ध करावे तर त्या अनुमानालाही दुसरी व्याप्ती लागेल.

रस्त्याच्या बाबतीत हा आक्षेप साध्या हिशेबात मांडता येतो. रडारचा नियम पक्का करायचा तर रस्त्यातून कोअर काढतात, म्हणजे गोल पात्याने थरांचा दंडगोल कापून बाहेर घेतात. दंडगोल १० सेंटिमीटर व्यासाचा असेल तर त्याचे तोंड सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटरचे. साडेतीन मीटर रुंदीच्या एका पदराचा एक किलोमीटर म्हणजे ३,५०० चौरस मीटर. किलोमीटरला एक कोअर काढला तर पाहिला तो रस्त्याच्या चार लाखांहून अधिक भागांतला एक भाग. मराठीत शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, आणि ती योग्यच आहे, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. रस्ता एका पातेल्यात शिजत नाही. त्याचा एक तुकडा पावसाळ्याआधी झालेला असतो, दुसरा नंतर. एका बाजूला मोरी असते, दुसऱ्या बाजूला शेताचे पाणी मुरत असते. एका शिताने भात कळतो तसा एका कोअरने रस्ता कळत नाही.

यावर दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त दिलेले उत्तर आजही उपयोगी आहे. न पाहिलेल्या देशकाळाविषयी शंका घ्यायची, तर तो देशकाळ आहे हे तरी अनुमानानेच कळलेले असते, म्हणजे शंका घेणाराही अनुमान मानतोच. आणि शंका अमर्याद चालत नाही. ज्या शंकेने माणसाचे स्वतःचे वागणेच विसंगत ठरेल तिथे ती थांबते. धुरासाठी अग्नी पेटवणारा माणूस धूर अग्नीशिवाय येतो अशी शंका धरून राहू शकत नाही. बाराव्या शतकात श्रीहर्षांनी याला उलटवले: विसंगती असेल तर शंका आधी होतीच, मग ती संपली कशी? हा वाद शब्दांत संपलेला नाही. पण कामाच्या दृष्टीने त्याचा अर्थ स्वच्छ आहे. व्याप्ती ही अढळ खात्री म्हणून मिळत नाही. अपवाद मुद्दाम शोधून, न सापडल्यावर आणि उपाधी वगळल्यावर ती कमावावी लागते.

म्हणूनच कोअर कुठे काढायचा हाही ज्ञानाचा प्रश्न आहे. सरसकट दर किलोमीटरला काढलेला कोअर रस्त्याविषयी थोडे सांगतो. रडारच्या नोंदीत जिथे बदल दिसतो तिथे एक आणि जिथे काहीच दिसत नाही तिथे एक, असे काढले तर ते नियमाविषयी सांगतात: हेतू तिथे साध्य आहे का, आणि हेतू नाही तिथे साध्यही नाही का. अन्वय आणि व्यतिरेक या दोन्ही अंगांनी व्याप्ती तपासावी, हे शास्त्रकारांचे सांगणे इथे कोअरच्या यंत्राने पाळता येते.

ज्ञानाच्या खरेपणाची कसोटी

ज्ञान खरे आहे हे कशावरून कळते, यावर मीमांसक आणि नैयायिक यांचे जुने भांडण आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान उपजताच खरे मानावे, बाध आला तरच सोडावे. नैयायिक म्हणतात, ज्ञानाचा खरेपणा बाहेरून कळतो. त्यावर विसंबून केलेली कृती फळाला आली, की ते खरे. लांबून दिसलेले पाणी खरे की मृगजळ, हे तहान भागल्यावर ठरते.

एक प्रसंग जवळून पाहावा. नोंदीत डांबराच्या मध्यावर, वरून सात सेंटिमीटरला एक गडद रेघ आहे आणि तिची ध्रुवता पृष्ठासारखी आहे. अनुमान पाच अवयवांत मांडले जाते. या ठिकाणी डांबरी थरात पाणी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथून पृष्ठासारख्या ध्रुवतेचा, जोराचा, आडवा प्रतिसाद येतो, हा हेतू. जिथे असा प्रतिसाद तिथे पाणी, जसे मागच्या कोअरमध्ये निघाले, हे उदाहरण. इथेही तसाच प्रतिसाद आहे, हा उपनय. म्हणून इथे पाणी आहे, हे निगमन. मग कोअरचे यंत्र लावतात. चांगला थर असेल तर दंडगोल अखंड येतो, कडेने काळा आणि घट्ट. इथे तो दोन तुकड्यांत येतो. तुटलेल्या तोंडावर खडीचे दगड काळे नसून आपल्या मूळ राखाडी रंगाचे दिसतात, त्यांच्यावरचे डांबर पाण्याने सोडवलेले असते. बोट फिरवले की बारीक खडी गळते. अनुमान फळाला आले.

या एका यशाने पुढच्या प्रत्येक रेघेला खरेपण मिळत नाही, पण नियमाचे बळ वाढते. बळ आणखी वाढते ते वेगळ्या वाटेने आलेल्या पुराव्याने. इयन हॅकिंग या कॅनेडियन तत्त्वज्ञाने १९८० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाविषयी हाच मुद्दा मांडला: अगदी वेगळ्या भौतिक प्रक्रियांवर चालणारी यंत्रे तीच रचना दाखवत असतील, तर ती रचना यंत्राची किमया असणे जवळजवळ अशक्य आहे. बास व्हान फ्रासेन यांनी १९८० मधल्या ‘द सायंटिफिक इमेज’ या ग्रंथात उघड्या इंद्रियांना न दिसणाऱ्या वस्तूंबाबत अधिक सावध भूमिका घेतली. पण रस्त्याचे पोट त्यांच्या अर्थानेही कायमचे अदृश्य नाही. खणले की दिसते. रडार तरंगाने, डिफ्लेक्टोमीटर दाबाने आणि कोअर डोळ्याने, तिघे एकाच दोषाकडे बोट दाखवतात तेव्हा शंकेला फारशी जागा उरत नाही.

प्रयोजन आणि निर्णय

न्यायसूत्रे ज्या सोळा पदार्थांची यादी देतात तिच्यात प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ संशय आणि प्रयोजन येतात, आणि पुढे निर्णय. शंका आणि प्रयोजन, या दोन्हींशिवाय निर्णय नाही, असा या क्रमाचा अर्थ घेता येतो. किती खात्री पुरेशी, हे प्रयोजनावर ठरते. रस्त्यावर नवा थर किती जाडीचा घालायचा हे ठरवताना रडारची जाडी कोअरशी ताडून घेण्याइतका वेळ असतो, आणि तो घ्यावा, कारण चूक झाली तर सार्वजनिक पैसा वर्षानुवर्षे वाया जातो. शहरातल्या रस्त्याखाली फुटलेल्या जलवाहिनीने माती वाहून नेल्याचा संशय असेल, तर निर्णयापर्यंत थांबणे घातक आहे. तिथे संशयावरच रस्ता बंद करावा आणि मग खणून पाहावे. पोकळी निघाली नाही तर गैरसोय होते, निघाली आणि रस्ता चालू असला तर माणसे जातात. दोन्ही चुका सारख्या नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी पुराव्याची अटही सारखी नसते.

भूवेधी रडारविषयी शेवटी देता येतो तो निर्णय असा: ते रस्त्याचे पोट दाखवत नाही, ते हेतू पुरवते. तो हेतू बारीक खुणांनी घट्ट करणे, त्यातली उपाधी शोधणे, व्याप्ती कोअरने कमावणे, आणि जिथे पाहता आले नाही तिथे तसे लिहिणे ही माणसाची कामे आहेत. ती केली तर रडारचे ज्ञान डोळ्याने पाहिलेल्या ज्ञानाइतके विश्वासाचे आहे. ती टाळली तर उरते ती पडद्यावरची काळी-पांढरी रेघ, आणि तिच्यावर सही केलेला अहवाल. त्या सहीच्या भरवशावर रोज हजारो माणसे त्या रस्त्याने जातात.